नोकरी नसताना माणसाचं काय होतं? मारिएन्थाल, गिरणगाव आणि आपण

ठाणेकर_अर्धवेळ | सोमवार, रात्री १०:५२

चालू घडामोडींच्या धाग्यावर मागच्या आठवड्यात बेकारीच्या टक्केवारीवरून चांगलीच जुंपली होती. सरकारी पाहणीतला २०२३-२४ चा ३.२ टक्के हा आकडा खरा की खोटा, १५ ते २९ वयोगटात तोच १०.२ टक्के कसा होतो, वगैरे. त्या धुरळ्यात एक प्रश्न राहूनच गेला. ज्याला काम नाही त्याचं नेमकं होतं काय? पगार थांबतो हे सगळ्यांना कळतं. आणखी काय थांबतं, यावर बोलूया म्हणून हा वेगळा धागा. आकड्यांची भांडणं तिकडेच राहू द्या, ही विनंती.

सुरुवात ऑस्ट्रियातल्या एका वस्तीपासून करतो, कारण या विषयावर मी वाचलेलं सगळ्यात बारकाईचं निरीक्षण तिथलं आहे. व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाची गिरणीवस्ती होती. एकच कापडगिरणी आणि सगळी वस्ती तिच्या जिवावर. १९२९-३० च्या मंदीत गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल हे तरुण संशोधक १९३१ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह तिथे पोचले. लाझार्सफेल्डला खरं तर लोक फुरसतीचा वेळ कसा घालवतात याचा अभ्यास करायचा होता. समाजवादी नेते ओटो बाउअर यांनी त्याला सुनावलं, की देशात एवढी बेकारी माजली असताना फुरसतीचा कसला अभ्यास करता? बेकारीचा करा.

यांनी एक नियम पाळला. नुसतं वही घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, वस्तीला काहीतरी उपयोग होईल असंच यायचं. म्हणून कपडेवाटप, डॉक्टरांची तपासणी, शिवणवर्ग असं सगळं केलं आणि ते करता करता माणसं पाहिली.

कामावर असताना वाचायला वेळ मिळत नाही ही सगळ्यांचीच तक्रार असते. गिरणी बंद पडल्यावर मारिएन्थालमध्ये वेळच वेळ होता. वाचनालयाची वर्गणीसुद्धा माफ केलेली. तरी दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. लोकांनी वर्तमानपत्रं कमी केली, मंडळं सोडली. दिवसभरात काय केलं ते तासातासाने लिहायला सांगितलं, तर पुरुषांना लिहायला काही सुचेना. उठलो, मुलांना शाळेसाठी उठवलं, जेवलो. मधले तास कुठे गेले ते त्यांनाच सांगता येईना. बऱ्याच जणांनी घड्याळ वापरणं सोडून दिलं होतं.

आणि एक माझं आवडतं निरीक्षण. संशोधक खिडकीत लपून, हातात घड्याळ घेऊन रस्त्यावरून जाणाऱ्यांचा चालण्याचा वेग मोजत बसले. बहुतेक पुरुष एवढ्याशा रस्त्यात दोनतीनदा थांबायचे. बायका मात्र भराभर जायच्या.

याहोडाबाईंनी पुढे अनेक वर्षांनी यावरून एक मांडणी केली. नोकरी पगार देतेच, पण न मागता आणखीही काही देते: दिवसाला वेळापत्रक, घराबाहेरची माणसं, एकट्याने होणार नाही अशा कामातला वाटा, समाजातली जागा आणि हातपाय हलते ठेवणं. नोकरी गेली की हे सगळं एकदम जातं.

आता माझं. दोन वर्षांपूर्वी कंपनीने आमची अख्खी टीम बंद केली, त्यात मी गेलो. सोसायटीत कुणाला सांगितलं नव्हतं. पण दिवसा घरी सापडणारा बाप्या म्हणून कुरियरवाल्यांनी मला बरोब्बर हेरलं. आधी शेजारच्यांचं एक पार्सल ठेवून घेतलं. मग वरच्या मजल्यावरच्यांचं. मग लोक ऑर्डर करतानाच माझा फ्लॅट नंबर द्यायला लागले. "तुम्ही घरीच असता ना." आमच्या चपलांच्या कपाटाशेजारी खोक्यांची चळत लागायची आणि संध्याकाळी सात वाजल्यापासून बेल सुरू. माणसं वाईट नव्हती, एकीने तर दिवाळीला चकल्या दिल्या. पण प्रत्येक बेलला मी जास्त चिडायचो आणि का चिडतोय ते बायकोला सांगता यायचं नाही. बचत होती, तिचा पगार होता, घरात खायला कमी नव्हतं. मग ते काय होतं?

तुमचे अनुभव लिहा. आपबीती नको असेल तर पाहिलेलं लिहा.

रोखठोक_सातारा | सोमवार, रात्री ११:३१

लेख चांगला आहे, पण स्पष्ट बोलू का? "बचत होती, तिचा पगार होता" हे वाक्य तुमच्या सगळ्या लेखाचं उत्तर आहे. वेळापत्रक गेलं, जागा गेली हे जाणवायलासुद्धा पोट भरलेलं लागतं.

माझा मावसभाऊ औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर आहे. दर अकरा महिन्यांनी ब्रेक. ब्रेक म्हणजे किती दिवस ते ठेकेदाराच्या मर्जीवर. त्या काळात त्याला झोप लागत नाही, ती वेळापत्रक गेलं म्हणून नाही. मोटरसायकलचा हप्ता बाऊन्स झाला की बँक दंड लावते म्हणून. वहिनीचं मंगळसूत्र सोनेतारण कर्जात आहे. दर वेळी व्याज भरून तेच तारण पुढे ढकलतात, आणि लग्नसमारंभाला जाताना वहिनी खोटी पोत घालते. ब्रेक संपून परत कामावर घेतलं की दुसऱ्या दिवशी गडी टुणटुणीत. काम तेच, ठेकेदार तोच, शिव्या त्याच. फरक फक्त महिन्याला जमा होणाऱ्या रकमेचा.

तेव्हा आधी हप्ता, मग मन.

ठाणेकर_अर्धवेळ | मंगळवार, सकाळी ८:१०

रोखठोक, मुद्दा रास्त आहे आणि मंगळसूत्राचं वाचून गप्प झालो. पण पैसा विरुद्ध मन अशी वाटणी मला पटत नाही. जर्मनीत तीच तीच हजारो माणसं वर्षानुवर्षं विचारून केलेल्या पाहण्या आहेत. त्यात निघालं ते असं, की नोकरी गेल्यावर आयुष्याबद्दलचं समाधान जेवढं घसरतं त्यातला थोडाच भाग उत्पन्न घटल्यामुळे असतो. अँड्र्यू क्लार्क आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड यांनी १९९४ मध्ये ब्रिटनच्या आकडेवारीवरून दाखवलं, की मानसिक त्रासाच्या मोजपट्टीवर बेकारी घटस्फोटाच्याही वर जाते.

आता तिथे बेकारभत्ता आहे, आपल्याकडे मंगळसूत्र आहे. म्हणजे आपल्याकडे दोन्ही मार एकाच वेळी बसतात. तुमचा मावसभाऊ परत कामावर गेल्यावर टुणटुणीत होतो, तो नुसत्या रकमेने होतो हे कशावरून? तेवढीच रक्कम घरबसल्या दिली तर होईल का? हे तुम्ही त्यालाच विचारा, मी गृहीत धरत नाही.

खिडकीकाठ | मंगळवार, सकाळी ९:०२

वाचतेय. पार्सलचा किस्सा अगदी अगदी.

काळाचौकी_ते_कल्याण | मंगळवार, दुपारी २:४५

मारिएन्थालचं वाचताना अंगावर काटा आला. आमच्या घरी हे सगळं झालंय, फक्त खिडकीत घड्याळ घेऊन बसायला कुणी आलं नाही.

वडील गिरणगावात, म्हणजे मुंबईच्या गिरण्यांच्या भागात, एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणीकामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कुणी मागे घेतलाच नाही, त्यामुळे आमच्या घरात तो संपला कधी हे सांगता येत नाही.

एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. पहिले काही महिने कुणी खचलेलं नव्हतं. सभा असायच्या, मोर्चे असायचे, संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत काय म्हणाले यावर नाक्यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा. गावाहून तांदूळ यायचा. काम कुणालाच नव्हतं, त्यामुळे लाजही कुणाला नव्हती. शेजारच्या खोलीत चूल पेटली नाही हे भिंतीपलीकडून कळायचं आणि वाटी जायची.

बिनसलं ते पुढे. गिरण्या हळूहळू चालू झाल्या, काहींना आत घेतलं, काहींना नाही. एका खोलीतला माणूस पाळीला जातोय, बाजूचा गॅलरीत उभा. तिथे चाळ फुटली. वडील आत न घेतलेल्यांत होते.

वडील भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. हात चांगला होता, सप्ताहाला लांबून बोलावणं यायचं. संपानंतर दोनेक वर्षांनी मंडळात जायचे बंद झाले. वर्गणीचा प्रश्न नव्हता, आई भरायला तयार होती. मंडळातली माणसं निमित्त काढून घरी यायची, वडील पाठ दुखते म्हणायचे. मला बरंच मोठं झाल्यावर उलगडा झाला. मंडळात नवा माणूस आला की ओळख करून देताना नावाआधी गिरणी सांगायचे. अमुक गिरणीचे तमुक. त्या जागी सांगायला वडिलांकडे काही उरलं नव्हतं.

तुम्ही लिहिलंय बायका भराभर चालायच्या. आमच्या आईचं तेच. ती घरी डबे करायची. खाणारे सगळे गिरणीतले एकटे राहणारे. ते गावी निघून गेले, काहींचं उधार बुडालं. गिरणगावात अशा कितीतरी खानावळवाल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांच्यासाठीच अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं. संपात गिरणीकामगाराचं सगळ्यांनी लिहिलं, त्याला जेवू घालणारीचं फारसं कुणी लिहिलं नाही. आई मग दादरला दोन घरी स्वयंपाकाला जायला लागली. वडील घरी असूनही सकाळी नळावर पाणी भरायला जायचे नाहीत. तिथे बायका असायच्या. पाणी आईच भरायची, मग कामाला जायची. तेव्हा मला वडिलांचा राग यायचा. तो अजून पूर्ण गेलेला नाही, उगाच गोड बोलत नाही.

पुढे त्यांना वॉचमनची नोकरी मिळाली. पगार यायला लागला, घर सावरलं. पण पखवाज काही त्यांनी पुन्हा हातात घेतला नाही.

रोखठोक_सातारा | मंगळवार, दुपारी ३:२०

काळाचौकी, यावर माझ्याकडे बोलायला काही नाही.

दोन_वाजताचा_चहा | मंगळवार, दुपारी ४:०५

सगळा दोष त्या वेळच्या पुढाऱ्यांचा. आणि गिरण्यांच्या जमिनी कुणी खाल्ल्या ते सगळ्यांना माहीत आहे. आजचे सत्ताधारी तरी काय

संपादक | मंगळवार, दुपारी ४:३०

वरच्या प्रतिसादाचा उरलेला भाग राजकारणाच्या धाग्यावर हलवला आहे. चर्चा विषयाला धरून ठेवावी.

मुक्ता_कोथरूड | मंगळवार, रात्री ९:४०

मी बेकार आहे का, हे मला कुणीतरी सांगा.

लेक झाली तेव्हा नोकरी सोडली. ती आता शाळेत जाते. गेली काही वर्षं मी काम शोधते आहे, मुलाखती देते आहे. मुलाखतीत पहिला प्रश्न "मधल्या काळात काय करत होतात?" बँकेच्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात "गृहिणी" आपोआप भरलेलं येतं, कारण खातं नवऱ्याबरोबर आहे. सरकारी पाहणीत काम शोधणारी किंवा कामाला तयार असणारी व्यक्तीच बेकार मानतात. म्हणजे मी मोजली जाईन, पण पाहणीवाल्यांनी मला विचारलं तर. आमच्याकडे असा कुणी आला तर सासूबाई दार उघडतील आणि सांगतील, "सूनबाई घरीच असते." झालं, मी बेकारीतून बाद.

शिवाय त्या ३.२ टक्क्यांत वर्षभरात ३० दिवस काही जोडकाम केलं तरी माणूस कामावर धरला जातो. दिवाळीत मी मैत्रिणीला फराळाच्या ऑर्डरी पुऱ्या करायला मदत केली होती. थोडी ताणली असती तर रोजगारातही गेले असते. (आकड्यांवर बोलायचं नाही हे माहीत आहे. एवढंच.)

ठाणेकर म्हणतात दिवस रिकामा होतो. माझा होत नाही, भरून वाहतो. सकाळी साडेपाचपासून रात्री साडेदहापर्यंत एक तास मोकळा नाही. तरी दिवस संपल्यावर "आज काय केलं?" याचं उत्तर नाही. नवरा काम संपवून लॅपटॉप मिटतो तो आवाज मला आवडत नाही. हास्यास्पद आहे, पण आहे. त्याच्या दिवसाला शेवट आहे.

मारिएन्थालच्या बायकांना घरकाम पुष्कळ होतं, तरी त्या गिरणीत परत जायला एका पायावर तयार होत्या, आणि कारण फक्त पैसा नव्हतं. हे त्याच अभ्यासात आहे. धाग्यात ते आलं नाही म्हणून लिहिलं.

ठाणेकर_अर्धवेळ | मंगळवार, रात्री १०:१५

मुक्ताताई, बरोबर, ते यायला हवं होतं. आणि लॅपटॉपचा आवाज अजिबात हास्यास्पद नाही.

हांबुर्गहून | बुधवार, पहाटे १:५०

जर्मनीचा उल्लेख आला म्हणून. इथे नोकरी गेली की आधीच्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के भत्ता मिळतो, मूल असेल तर ६७. साधारण वर्षभर. मीही तो घेतला आहे. घरभाडं, किराणा, मुलाची शाळा, कशालाही धक्का लागला नाही. रोखठोक यांचा हिशोब धरला तर मी मजेत असायला हवं होतं.

मी भारतात आईला सांगितलंच नाही. रोज त्याच वेळी फोन करायचो, "ऑफिसातून निघालो" म्हणायचो. बाहेर बर्फ असेल तर खिडकी थोडी उघडायची, म्हणजे मागे रस्त्याचा आवाज येतो.

इथल्या संशोधकांचे दोन निष्कर्ष सांगतो, मला ते फार खरे वाटले. पहिला: बेकार माणसांना त्यांच्या दिवसातल्या एकेका घटकेबद्दल विचारलं, आता कसं वाटतंय, मघाशी कसं वाटत होतं, तर त्यांचा दिवस नोकरीवाल्यांपेक्षा फार वाईट गेलेला नसतो. उशिरा उठलो, उन्हात फिरलो, मुलाशी खेळलो. पण "एकूण आयुष्याबद्दल काय वाटतं?" असं विचारलं की उत्तर धाडकन खाली येतं. माझं हुबेहूब हेच होतं. मुलाबरोबर बागेत मी खरोखर मजेत असायचो. आणि बागेतल्या दुसऱ्या बापाने "काय करता आपण?" विचारलं की खेळ खलास.

दुसरा निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आला. दीर्घकाळ बेकार असलेली माणसं निवृत्तीच्या वयाला पोचली की त्यांचं समाधान एकदम वर जातं. नोकरी आदल्या दिवशी नव्हती, दुसऱ्या दिवशीही नाही. दिवसभर घरीच. बदललं काय? काल ते बेकार होते, आज पेन्शनर आहेत. आता त्यांच्याकडून कामाची अपेक्षा कुणी ठेवत नाही, आणि तेही स्वतःकडून ठेवत नाहीत. नोकरीत असतानाच निवृत्त होणाऱ्यांच्या बाबतीत अशी उडी दिसत नाही.

म्हणून मला याहोडाबाईंची यादी पुरी वाटत नाही. वेळापत्रक पेन्शनरालाही नसतं. खरा घाव "तुझ्या वयाच्या माणसाने आत्ता कुठे असायला हवं" या हिशोबाचा असतो.

जर्सीसिटी_जोशी | बुधवार, सकाळी ६:३०

हांबुर्गकर, तुमच्याकडे वर्षभर. इथे अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली की ६० दिवस. त्यात नवी नोकरी लावा, व्हिसाचा प्रकार बदला, नाहीतर सामान बांधा. माझ्यावर वेळ आली तेव्हा दुःख करायलाही सवड नव्हती. मुलीचं शाळेचं वर्ष, घराचा करार, गाडीचं कर्ज, सगळं त्या मुदतीत. नोकरी मिळाली, आधीपेक्षा कमी पगाराची. पण आता साहेबाने अचानक मीटिंग लावली की पोटात गोळा येतो. तो गेलेला नाही.

हांबुर्गहून | बुधवार, सकाळी ७:१५

जोशी, यालाही आधार आहे. इथल्याच १५ वर्षांच्या पाहणीवरून २००४ मध्ये निघालेला निष्कर्ष: पुन्हा नोकरी लागल्यावरही माणसं सरासरीने आधीच्या समाधानावर पूर्ण परतत नाहीत. काळाचौकींच्या वडिलांचा पखवाज वाचला तेव्हा हेच आठवलं होतं, पण तिथे लिहायला बरं वाटलं नाही.

टेबल_नंबर_चौदा | बुधवार, रात्री ११:२०

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला, सध्या पुण्यात. एमपीएससी. इथं सगळे मोठे लोक बोलायलेत म्हणून लिहू का नको असं झालं, पण हांबुर्गच्या दादांनी ते पेन्शनरचं लिहिलं आणि राहवलं नाही.

मला कुणी बेकार म्हणत नाही. मी तयारी करतोय. गावाकडं वडिलांना विचारलं तर ते पण तेच सांगतात, "पोरगं पुण्याला तयारी करतंय." त्याच्यात एक मान आहे. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, मेसचा डबा, अभ्यासिकेत टेबल. सकाळी सातला टेबलावर, रात्री दहाला खोलीवर. वेळापत्रक म्हणाल तर नोकरीवाल्यापेक्षा कडक. माणसं म्हणाल तर अभ्यासिकेत सगळी आपल्यासारखीच. चहाच्या टपरीवर दहा जण उभे राहिले की दहाही जणांचं एकच दुखणं, त्यामुळं कुणी कुणाला विचारत नाही.

त्रास गावी गेल्यावर होतो. "काय रे, लागली का पोस्ट?" पहिल्या वर्षी लोक कौतुकानं विचारायचे. आता विचारतात तेव्हा उत्तर ऐकायला थांबत नाहीत. माझ्याबरोबरचा एक जण पोलिसात लागला, एकानं गावात मेडिकल टाकलं, त्यांची लग्नं झाली. माझ्यासाठी स्थळ बघायला गेले की पहिला प्रश्न नोकरीचा, दुसरा जमिनीचा. जमीन अडीच एकर, कोरडवाहू.

खुल्या गटाला वयाची मर्यादा ३८ आहे. काळाचौकी काकांनी लिहिलं ना, सगळ्यांनाच काम नव्हतं तेव्हा लाज नव्हती. आमचं तसंच आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शास्त्री रोडवर आंदोलन झालं, बँकेची परीक्षा आणि राज्यसेवा पूर्व एकाच दिवशी आली होती म्हणून. रात्रभर रस्त्यावर बसलो होतो. आयोगानं परीक्षा पुढं ढकलली. खरं सांगतो, इतक्या वर्षांत एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत टेबल.

ज्या दिवशी वय निघून जाईल त्या दिवशी माझं तयारी करणं बंद आणि मी सरळ बेकार. पेन्शनरच्या बरोबर उलटं.

मुक्ता_कोथरूड | बुधवार, रात्री ११:५५

बाळा, तू "मोठे लोक" म्हणालास पण तुझ्याइतकं नेमकं इथे कुणी लिहिलेलं नाही. दुसरा मार्ग हाताशी ठेवला आहेस का? आगाऊपणा वाटला तर उत्तर देऊ नकोस.

टेबल_नंबर_चौदा | गुरुवार, सकाळी ६:४०

आगाऊपणा नाही ताई. बी.एस्सी. आहे. गावाकडच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवायला बोलावतात, तासावर. पैसे थोडे. बाबा म्हणतात तेवढ्यासाठी पुणं सोडू नको. मला शिकवायला आवडतं, हे अजून घरी बोललो नाही.

माणदेशी_म्हातारा | गुरुवार, सकाळी ११:१०

वय ७१, त्यामुळे थोडं जुनं सांगतो.

१९७२ च्या दुष्काळात आमच्याकडे शेतं उघडी पडली. अख्ख्या गावाला काम नाही. सरकारने दुष्काळी कामं काढली, खडी फोडणं, पाझर तलाव, रस्ते. मी अठरा-एकोणीस वर्षांचा. आई, मी, चुलता, चुलती, सगळे खडीवर. हाताला घट्टे, खायला मिलो ज्वारी आणि सुकडी. पाटलाच्या घरची माणसंसुद्धा शेजारच्या ढिगावर. आई पुढे मरेपर्यंत त्या दिवसांबद्दल बोलायची, पण रडून नाही. कोण किती ब्रास फोडायचा, मुकादमाला कुणी कसं फसवलं, असल्या गोष्टी सांगायची. तिला राग होता तो त्याच्या आदल्या चार महिन्यांचा, काम सुरू व्हायच्या आधीचा. त्यावर ती बोलतच नसे.

रोजगार हमी योजना त्यातूनच राज्यभर गेली. कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची, पहिला प्रयोग १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात झाला होता. कायदा १९७७ चा. मागेल त्याला काम. देशाचा कायदा आला २००५ मध्ये.

तुम्ही पगारदार मंडळी, तुमच्या पगारातून व्यवसाय कर कापतात ना? महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. तो कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठीच आणला. फेब्रुवारीत शंभर जास्त का गेले म्हणून माझा नातू हिशोब खात्याशी भांडत होता, तेव्हा त्याला हे सांगितलं.

हमीत भ्रष्टाचार झाला, खोटी मस्टरं भरली गेली, मजुरी महिनोन्महिने थकली. सगळं पाहिलं आहे. तरी घरी आणून पैसे दिले असते तर आईने ते दिवस असे सांगितले असते, असं मला वाटत नाही. रोखठोक, तुम्ही सातारचे, तुमच्याकडेही कुणी जुनं माणूस असेल. विचारा.

रोखठोक_सातारा | गुरुवार, दुपारी १:३०

आजोबा, आजी आहे, विचारतो. मावसभावालाही विचारलं काल, ठाणेकरांचा प्रश्न. म्हणाला, "घरबसल्या पैसे दिले तर घेईन की, वेडा आहे का." मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण किती दिवस?" तुम्ही काय अर्थ काढायचा तो काढा. हप्त्याचा मुद्दा मी सोडलेला नाही.

ठाणेकर_अर्धवेळ | गुरुवार, रात्री ९:३०

माणदेशी आजोबांच्या प्रतिसादावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. मारिएन्थाल ज्या ग्रामाटनॉयझीडल गावात येतं, तिथे ऑक्टोबर २०२० मध्ये रोजगार हमीचा प्रयोग सुरू झाला. वर्षाहून जास्त काळ बेकार असलेल्या प्रत्येकाला काम देऊ केलं. काम घेणं सक्तीचं नाही, मजुरी नियमाप्रमाणे. सुतारकाम, बागांची देखभाल, जुन्या सामानाची डागडुजी, किंवा माणसाला जमेल असं काही. जागा मुद्दाम निवडली होती, नव्वद वर्षांपूर्वीच्या अभ्यासामुळे. मॅक्सिमिलियन कासी आणि लुकास लेनर या अर्थशास्त्रज्ञांनी त्याची तपासणी केली. उत्पन्न सुधारलं हे उघडच आहे. पण दिवसाला वळण, माणसांत ऊठबस, आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत ही भावना, म्हणजे याहोडाबाईंची जवळपास सगळी यादी परत आली. शारीरिक तब्येतीत मात्र फरक दिसला नाही.

आपल्याकडे हमी ग्रामीण भागात आहे आणि अंगमेहनतीची आहे. टेबल नंबर चौदाला ती लागू नाही, मुक्ताताईंना नाही, मला नव्हती. शहरातल्या शिकलेल्या माणसाला "मागेल त्याला काम" म्हणजे काय काम द्यायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्याला गणित शिकवायला हवंय आणि गावातली शाळा त्याला बोलावते आहे, आणि मध्ये आडवी येते ती तासिकेची मजुरी, हे मला फार खटकतं.

समुपदेशक_नाशिक | शुक्रवार, सकाळी १०:०५

व्यवसायाने समुपदेशक आहे, त्यामुळे जरा कामाचं बोलते.

माझ्याकडे अशी माणसं स्वतःहून येत नाहीत, बहुतेक वेळा बायको किंवा आई आणते. तक्रार असते चिडचिडीची किंवा झोपेची. घरच्यांना माझं पहिलं सांगणं असतं, की रोज "काही झालं का?" विचारू नका. आठवड्यातला एक वार ठरवा, त्या दिवशी अर्ज, पैसे, खर्च सगळं बोला, बाकीचे दिवस तो विषय बंद. दुसरं, घरी आहे म्हणून गॅस, बँक, कुरियर सगळं त्याच्या गळ्यात टाकू नका. तिसरं, दिवसातलं एक काम असं असू द्या जिथे दुसरा माणूस वाट पाहत असतो. वाचनालयात नुसतं बसणं वेगळं, आणि वाचनालय उघडायची किल्ली आपल्याकडे असणं वेगळं.

सलग दोन आठवडे झोप-भूक उडालेली असेल, माणूस आवडत्या गोष्टींपासूनही तुटला असेल, किंवा "मी नसलो तर बरं" असं बोलत असेल, तर वाट बघू नका. टेली-मानस, १४४१६, फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. टेबल नंबर चौदा, तुम्हाला काही झालंय असं म्हणत नाही. नंबर अभ्यासिकेच्या फलकावर लावा.

टेबल_नंबर_चौदा | शुक्रवार, दुपारी २:१५

लावतो मॅडम. फलकावर सध्या मेसवाल्याची जाहिरात आहे, तिच्या शेजारी जागा आहे.

खिडकीकाठ | शुक्रवार, दुपारी ४:४०

इतके दिवस नुसती वाचत होते. नवऱ्याचा कारखाना गेल्या महिन्यात बंद झाला. पगार १९ हजार होता, ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापली जायची. त्यातून काही मिळतं असं कुणीतरी म्हणालं. खरं आहे का?

काळाचौकी_ते_कल्याण | शुक्रवार, संध्याकाळी ६:२०

खरं आहे. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, २०१८ पासून आहे. नोकरी गेलेल्या विमाधारकाला जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत सरासरी पगाराचा काही भाग मिळतो. आयुष्यात एकदाच. गैरवर्तनाबद्दल काढलं असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर मिळत नाही, कारखाना बंद पडला असेल तर मिळतो. त्यांचा विमा क्रमांक, आधार, बँक पासबुक घेऊन ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात जा. दावा ऑनलाइनही करता येतो, पण मी म्हणेन समोर जा, कागदात खोट असेल तर तिथल्या तिथे कळते. कारखान्याने शेवटपर्यंतची वर्गणी भरली आहे का तेवढं आधी बघा, बंद पडणारे कारखाने हमखास तिथेच मारतात. कुठल्या भागात राहता ते व्यक्तिगत निरोपाने कळवा. कल्याण-डोंबिवली असेल तर मी त्यांच्याबरोबर येतो.